गिरणी थांबव गा, फोन आला

आमची आत्याबाई फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसे. फोन कानाला लागला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “ठरलं का गेलं?” पलीकडचा माणूस नवखा असला तर गडबडून जाई. कुणी कुणी तर “राँग नंबर” म्हणून फोन ठेवूनही देत. पण आत्याबाईचा हिशोब साधा होता. मोबाइल फोन हे तेव्हा महागाचं यंत्र, आपण लावला तरी पैसे, दुसऱ्यानं लावला तरी पैसे. तेव्हा त्यावरून कळवावी अशी बातमी दोनच प्रकारची, कुणाचं लग्न ठरलं किंवा कुणी माणूस गेलं. पाऊस कसा आहे, गुडघे कसे आहेत, नातवाला दात आले की नाही, या सगळ्याला तिच्याकडे एकच उत्तर होतं. “बाकी भेटीत.” एवढं म्हणून ती बटण दाबून मोकळी.

आत्याबाई माझ्या वडिलांची मोठी बहीण. आतोबा फार लवकर गेले आणि ती नागपूरच्या तांडापेठेत आमच्या घरी परत आली ती कायमची. आमचं घर विणकरांचं. मी लहान असताना गल्लीत घरोघरी माग होते आणि सकाळपासून खटक-खटक सुरू असे. आत्याबाई स्वतः करवतकाठी लुगडी विणायची. मग एकेक करून माग उठले, आमचाही उठला, आणि मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली. आत्याबाईचे हात रिकामे झाले. तिनं तेव्हा लग्नं जुळवायला घेतली. सावनेरपासून उमरेडपर्यंत कुणाच्या घरी पोट्टी लग्नाची आहे आणि कुणाचा पोट्टा नोकरीला लागला, हे तिला तोंडपाठ असे. पैसे ती कुणाकडूनच घेत नसे. लग्न पार पडलं की आहेरात एक लुगडं, बस.

ती फोनवाली कशी झाली, त्याचीही एक कथा आहे. सदर भागात एक लोखंडाचे व्यापारी होते. नागपुरात मोबाइल नवा नवा आला तेव्हा त्यांनी हौसेनं घेतला. विटेएवढा फोन, डोक्यावर ओढून लांब करायची काडी, आणि पट्ट्याला अडकवायची चामडी पिशवी. तो पट्ट्याला लावला की शेटजींची पँट एका बाजूनं खाली यायची, म्हणून ते एका हातानं पँट धरून चालत. अडचण एवढीच होती की ओळखीत दुसऱ्या कुणाकडे मोबाइल नव्हता. शेवटी ते स्वतःच्या दुकानासमोर उभे राहून दुकानातल्याच फोनवर फोन लावत आणि मुनीमजींना विचारत, “कौन आया है?” मुनीमजी काचेतून बघून सांगत, “आपही खडे हो, शेटजी.” पुढे बारीक फोन निघाले. शेटजींनी दुसरा घेतला आणि हा कपाटात गेला. त्याच सुमारास आत्याबाईनं त्यांच्या नोकराच्या मुलीचं लग्न जुळवलं होतं आणि शेटजी खूश होऊन तिला लुगडं देऊ लागले. तेव्हा ती म्हणाली, “लुगड्यांनी कपाट भरलं, शेटजी. औंदा मले तो फोन द्या.”

शेटजी हसले. “आत्याबाई, तुम्ही काय करणार त्याचं?”

“तुम्ही तरी काय केलं?” आत्याबाई म्हणाली.

फोन घरी आला. त्याची चामडी पिशवी काही आत्याबाईला पटली नाही. तिनं जपून ठेवलेल्या एका लुगड्याच्या तुकड्याची पिशवी शिवली, लाल करवती काठ वरच्या बाजूला येईल अशी, आणि गळ्यात अडकवायला नाडी. फोनचं नावही तिनंच ठेवलं, धोटा. मागावर ताण्यातून इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. “यानं तरी दुसरं काय करायचं आहे,” ती म्हणे, “इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.”

तिला फोन हवा होता तो एकांतासाठी. त्याआधी आमच्याकडे निरोप येत ते शेजारच्या घोडमारेकाकूंच्या फोनवर. काकू निरोप देत, पण त्याआधी स्वतः दोन प्रश्न विचारून घेत. एका मुलाच्या बापाला त्यांनी विचारलं, “तुमच्या घरी मागच्या वर्षी भांडण झालं होतं ते मिटलं का?” ते स्थळ तिथंच संपलं. म्हणून आत्याबाईला स्वतःचा, कुणी न ऐकणारा फोन पाहिजे होता. आणि झालं असं, की आमच्या टिनाच्या छपरांच्या, एकमेकाला चिकटलेल्या घरांच्या गल्लीत त्या फोनला आवाजच येईना. आत्याबाई गळ्यात पिशवी घालून गल्लीभर फिरली. देवघरात नाही, अंगणात नाही, घोडमारेंच्या ओट्यावर तर अजिबात नाही. कोपऱ्यावर वसंताच्या पिठाच्या गिरणीपुढे थोडी मोकळी जागा होती. तिथं, गिरणीच्या दारात, तराजूच्या बाजूला उभं राहिलं की फोनच्या काचेवर सगळ्या दांड्या उभ्या राहत. एकांतासाठी घेतलेला फोन गल्लीतल्या सगळ्यात गर्दीच्या आणि सगळ्यात गोंगाटाच्या जागी जाऊन बसला.

वसंतानं तराजूच्या वर एक खिळा ठोकून दिला. करवतकाठी पिशवी सकाळी त्या खिळ्यावर चढायची, संध्याकाळी उतरायची. आत्याबाई खाली पोत्यांवर बसून बायकांचे गहू निवडू लागायची. आता गिरणी चालू असताना फोन ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्याची हिरवी बत्ती लुकलुकायची. ती दिसली की आत्याबाई हात वर करी, “थांबव गा वसंता, फोन आला.” वसंता खटका ओढी. पट्टा फटफट करत मंदावे, जातं घरघरत थांबे, आणि हवेत उडणारं पीठ हळूहळू खाली बसे. त्या एकदम पडलेल्या शांततेत आत्याबाईचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. “ठरलं का गेलं?”

थोड्याच दिवसांत गल्लीला सवय लागली. दिवसभर गिरणीची घरघर कुणाच्या कानांना जाणवत नसे, पण ती थांबली की जाणवे. गिरणी थांबली म्हणजे फोन आला. बायका पोळ्या टाकायच्या थांबवून दारात येत, म्हातारे ओट्यावर सरकत, दाढी करणारे अर्धी दाढी घेऊन बाहेर येत. वसंता कुरकुर करी, “आत्याबाई, एका फोनात माह्यं अर्धं दळण जात्यात अडकून राह्यते.” आत्याबाई म्हणे, “कोणाचं तरी घर बसून राहिलं गा. तुह्यं दळण बसलं थोडं, तर काय झालं?”

फोन ठेवला की ती दळणाच्या रांगेतल्या बायकांकडे वळे. “काय वाटते वं?” मग रांग मत देई. पण शेवटचा शब्द तिचा, आणि तिची कसोटी वेगळी होती. “फोटो बोलत नाही,” ती म्हणे. “माणूस फोन ठेवताना कळते.” एकदा पुण्याचा एक इंजिनिअर मुलगा आला होता, देखणा, घरचा चांगला. रांगेनं एकमतानं पसंत केला होता. आत्याबाई त्याच्या आईशी बोलत असताना त्यानं मध्येच आईच्या हातून फोन घेतला, “ठीक आहे, ठीक आहे” म्हणाला आणि कापून टाकला. आत्याबाईनं धोटा पिशवीत घातला. “आईचं वाक्य पुरं होऊ देत नाही. बायकोचं काय होऊ दीन?” वसंतानं खटका खाली केला, गिरणी सुरू झाली, आणि तो इंजिनिअर पीठ होऊन गेला.

अशा या आत्याबाईच्या नावाला एकच डाग होता आणि तो मी होतो. ती गावभराची लग्नं जुळवत होती आणि घरातला भाचा तिशीला टेकला तरी तसाच होता. मी एका पतसंस्थेत कारकून. पगार बेताचा, बांधा बारीक, आणि पाहुण्यांसमोर बसलो की माझी जीभ टाळूला चिकटायची. एका मुलीनं मला विचारलं होतं, “तुम्हाला काय आवडतं?” मी बराच वेळ विचार करून “हो” म्हणालो होतो. ते स्थळ गेलं. त्यानंतरचीही गेली. लोक आत्याबाईला डिवचू लागले. दळणाच्या रांगेत घोडमारेकाकू एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “स्वतःच्या दुकानातला माल पडून आहे, अन् बाई बाजार करून राहिली.” आत्याबाई गहू निवडत राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, “सुध्या, आता काटोलचं पाहू. हे नाही झालं तर मी धोटा शेटजीले वापस देतो.” ती ‘देतो’च म्हणायची. आणि तिनं हे गमतीत म्हटलं नव्हतं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

रविवारी आम्ही काटोलच्या बसमध्ये बसलो. मी, आई, वडील, आणि गळ्यात करवतकाठी पिशवी घातलेली आत्याबाई. नाक्यापलीकडे गेल्यावर फोनच्या दांड्या एकेक करून पडल्या. आत्याबाईनं पिशवीचं तोंड बंद केलं, पण गळ्यातून काढली नाही. काटोलला पाहुण्यांचं घर मोठं. मुलीचे वडील मंडीत संत्र्यांचे अडते, आवाज मंडीत कमावलेला. चहा झाला, पोहे झाले, आणि मग माझ्याऐवजी सगळे फोनच बघू लागले. तो या हातातून त्या हातात फिरला. मुलीच्या वडिलांनी कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

“काहून, हा बोलून नाही राहिला?”

“तो नागपुरातच बोलते,” आत्याबाई म्हणाली. “गावाबाहेर आला का गप.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आल्यापासून एक शब्द बोललो नव्हतो. “अन् हे पाहुणे? हेबी नागपुरातच बोलते का?”

सगळे हसले. आतल्या दारातून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच थांबलं. ती वंदना होती. बाहेर आली तेव्हा हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे स्थळ जाऊ नये. तोवरच्या स्थळांत मला नकार येण्याची भीती असे. या वेळी होकार न येण्याची भीती वाटू लागली. दोन्हींत फरक आहे, तो ज्याला कळला त्यालाच कळतो.

निघताना आत्याबाईनं दारात उभं राहून सांगितलं, “घाई नाही. बुधवारपर्यंत सांगजा. हो असंन तर फोन करजा. नाही असंन तर कार्ड टाकजा. नकारासाठी माह्या धोट्याचं चार्जिंग कायले घालवता?”

ही अट सोमवारी सकाळपर्यंत गल्लीभर झाली. बुधवारी गिरणी थांबली की सुध्याचं ठरलं, हे सगळ्यांना माहीत झालं. मंगळवारी मला झोप लागली नाही. बुधवारी पतसंस्थेत मी एकाच माणसाच्या पासबुकावर दोनदा शिक्का मारला. उन्हं कलताना सायकलवरून घरी निघालो. आत्याबाई दिवसभर गिरणीत बसून होती आणि नेमकी तेव्हाच, मी गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा, चहाला म्हणून मागच्या गल्लीत एकीकडे गेली होती. फोन खिळ्यावर होता.

आणि गिरणी थांबली.

दारं उघडली. बायका बाहेर आल्या, अर्धी दाढी बाहेर आली. सगळ्यांनी गिरणीकडे पाहिलं, मग सायकल धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “ठरलं!” कुणीतरी म्हणालं. पुढचं मला धड आठवत नाही. घोडमारेकाकूंनी माझ्या पाठीत थाप मारली. गुलाल कुणाकडे नव्हता, तर रांगेतल्या एकीनं डब्यातलं बेसन माझ्या कपाळाला फासलं. वसंता गर्दीतून हात हलवून काहीतरी सांगत होता, पण तो आनंदानं हात हलवतोय असं समजून दोघांनी त्याला उचलून धरलं. मी सायकल तशीच वळवली, चौकात गेलो, संत्रा बर्फी घेऊन आलो आणि घरोघरी वाटली. आईनं त्यातली अर्धी आमच्या स्टीलच्या डब्यात भरली, तिचं नाव कोरलेल्या डब्यात. शेजारचे नामदेवराव कंडक्टर संध्याकाळच्या काटोल गाडीवर निघाले होते. त्यांच्या हाती डबा दिला, पाहुण्यांकडे पोचवा म्हणून. ते शिट्टी वाजवतच गेले.

मग आत्याबाई चहा पिऊन परत आली. “काहून गर्दी केली?”

“ठरलं ना, आत्याबाई!”

“कोणाचं?”

वसंताला खाली उतरवलं गेलं, तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. “मी कव्हाचा सांगून राहिलो. फोन नाही आला. लाइन गेली.”

आमच्या नागपुरात वीज जात नाही, लाइन जाते. दिवसाउजेडी ती गेलेली कुणाच्या लक्षात आली नव्हती. गिरणी थांबण्याला फोनखेरीज आणखी एक कारण असू शकतं, हे त्या दिवशी सगळी गल्ली विसरली होती. मी तर विसरलोच होतो. मला विसरायचंच होतं.

आत्याबाईनं माझ्या कपाळावरच्या बेसनाकडे पाहिलं. “बर्फी कुठं आहे?”

“काटोलच्या गाडीत,” आई म्हणाली.

मी आत्याबाईला घाबरलेलं तेव्हाच एकदा पाहिलं. ज्यांनी अजून हो म्हटलं नाही त्यांच्या दारी आम्ही तोंड गोड करायला डबा पाठवला होता. मंडीत आवाज कमावलेला माणूस हे कसं घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कुणी म्हणालं, काटोलला बूथवर फोन लावून निरोप द्या. आत्याबाई मान हलवत राहिली. “घरी गेलेली मिठाई वापस मागत नसते गा.” रात्रभर लाइन आली नाही. सकाळीही नाही. गिरणी गप, गल्ली गप. धोटाही चार्ज झाला नव्हता. त्याच्या काचेवर बॅटरीचं एकच बारीक बोट उरलं होतं. आत्याबाई उपाशी पोटी पोत्यावर बसली होती, आणि दळणाची रांग नसतानाही सगळी रांग तिथंच होती. मी सुट्टी टाकून तराजूमागे उभा होतो. तिथून मला कुणी बघू नये आणि मला सगळं ऐकू यावं, अशी ती जागा होती.

हिरवी बत्ती लुकलुकली. आत्याबाईनं सवयीनं हात वर केला. वसंता म्हणाला, “बंदच आहे, आत्याबाई.”

“ठरलं का गेलं?” ती म्हणाली. तिचा आवाज रोजचा नव्हता.

पलीकडे मुलीचा आवाज होता. त्या शांततेत आम्हालाही ऐकू येत होता. “मी वंदना बोलून राहिलो, काटोलहून. बाबा बाजूले उभे आहेत. आधी तुम्ही सांगा, आत्याबाई, आम्ही काही सांगितलं नसताना बर्फी कोणं पाठवली?”

आणि जन्मात फोनवर तीन वाक्यांच्या वर न गेलेली आत्याबाई बोलू लागली. गिरणी कशी आहे, गल्ली कशी आहे, लाइन कशी गेली, सगळं. वसंताला कसं उचललं, ते. “अन् आमचा सुध्या, बाई. तोंडाले बेसन लावून सायकलवर बर्फी वाटत फिरला. कोणाले विचारलंबी नाही त्यानं. त्याले वाटलं, तू हो म्हणली.” फोन टुंई करून ओरडला. बॅटरी संपत होती. “चूक झाली. गल्लीची नाही, माहीच. हो असंन तर फोन करा, असं मीच सांगून ठेवलं होतं. त्याचा राग पोरावर नको काढजो.” टुंई. पलीकडून हसू आलं. काटोलच्या आतल्या दारातलं तेच हसू, पण या वेळी ते थांबलं नाही. आणि त्याच हसण्यात फोनची काच काळी झाली.

आत्याबाईनं धोटा पिशवीत घातला, नाडी ओढली, आणि म्हणाली, “ठरलं.”

“हो म्हणली ती?” मी तराजूमागून बाहेर आलो.

“नाही.”

“मग?”

“फोन गेला तव्हा हसत होती.” आत्याबाईनं माझ्याकडे असं बघितलं जसं ती रांगेतल्या बायकांकडे बघायची. “नाही म्हणणारी पोट्टी इतका वेळ हसत नाही, भैताडा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं मुलीचे वडील आले. हातात आमचाच डबा होता. आईनं तो घेताना ओळखलं की तो जड आहे. रिकामा डबा कुणी परत करत नाही, हे खरं. पण ज्याच्याशी नातं नको त्याच्या डब्यात लोक मूठभर साखर घालतात. हा डबा संत्र्यांनी भरला होता, इतका की झाकण दोरीनं बांधावं लागलं होतं. ते ओट्यावर बसले आणि मंडीतल्या आवाजात म्हणाले, “काल दिवसभर फोन लावून राहिलो. तुमचा धोटा आता नागपुरातबी गप झाला का, बाई?”

आमचं लग्न झालं. आत्याबाईनं आहेरात लुगडं घेतलं नाही. म्हणाली, “घरच्या मालाचं काय घ्यायचं?” आणि हे तिनं घोडमारेकाकूंच्या समोर म्हटलं. वंदना मात्र आजतागायत कबूल करत नाही. “मी हो कुठं म्हटलं होतं? डबा कुणाच्या हातानं परत पाठवायचा, ते विचारायला मी फोन केला होता.” मी विचारतो, मग हसली कशाला? ती म्हणते, “बेसनाला.”

पुढे फोन बारीक झाले, मग पातळ झाले, मग दळणाच्या रांगेतल्या प्रत्येकीच्या हातात आले. त्या जुन्या विटेला आवाज पुरवणारी कंपनीच एक दिवस राहिली नाही. आम्ही आत्याबाईला नवा घेऊन दिला, साबणाच्या वडीएवढा. जुन्या पिशवीत तो तळाला जाऊन बसे, म्हणून तिनं खाली फडक्याची घडी घातली. जुना धोटा गिरणीच्या खिडकीशी लागला. वारं सुटलं की झडप आपटू नये म्हणून त्याचा टेकू. नव्या फोनला घरातही आवाज येई, देवघरात येई, अगदी घोडमारेंच्या ओट्यावरही येई. तरी पिशवी रोज सकाळी वसंताच्या खिळ्यावर चढायचीच. चेहरा दिसणारे फोन तिला आवडले नाहीत. “तोंड पाहत बसलं का माणूस ऐकत नाही,” ती म्हणे, आणि बोटानं काचेवरचा चेहरा झाकून बोले. आम्ही बेसा रोडला फ्लॅट घेतला. आत्याबाई आली नाही. येऊन बघून गेली आणि म्हणाली, “घर मोठं आहे, पण गिरणी कुठं आहे?”

शेवटी शेवटी तिच्या हातात एकच लग्न उरलं होतं, वसंताच्या मुलीचं, नेहाचं. नेहा बँकेत लागली होती आणि एकेक स्थळ नाकारत होती. आत्याबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “हिचं ठरवल्याबिगर मी जात नाही.” वसंता जात्यात गहू ओतत म्हणायचा, “मग ठरवू नका आत्याबाई. राहा इथंच.” आणि नेहा हसून म्हणायची, “म्हणून तर मी नाही म्हणून राहिलो.” ते तिघं असं रोज बोलत. मी शनिवारी दळण घेऊन मुद्दाम बेसा रोडवरून तिकडे जायचो तेव्हा हेच ऐकायचो, आणि घरी येऊन वंदनाला सांगायचो.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी पतसंस्थेत माझा फोन वाजला. वसंताचं नाव होतं. तो फोन करायचा तेव्हा मागे गिरणीची घरघर असायची, म्हणून मी फोन कानापासून दूर धरायचो. त्या दिवशीही दूर धरला. मागे काही आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, लाइन गेली असेल. उन्हाळ्यात जातेच. मग फोन कानाशी आणला आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, “ठरलं का गेलं?”

वसंता म्हणाला, “दोन्ही, भाऊ.”

सकाळी नेहाचं ठरलं होतं. रामटेकचा मुलगा, शिक्षक. नेहानं स्वतः येऊन आत्याबाईच्या कानात हो सांगितलं. आत्याबाईनं मुलाच्या आईला फोन लावला, गिरणी थांबली, गल्ली बाहेर आली. या वेळी ती जास्त बोलली नाही. “ठरलं,” म्हणाली, पलीकडचीला हवं तेवढं बोलू दिलं, तिचं वाक्य पुरं होऊ दिलं, आणि मग “बाकी भेटीत” म्हणून पिशवी स्वतःच्या हातानं खिळ्याला लावली. पोत्यांना टेकून बसली. वसंताला वाटलं, डोळा लागला. म्हणून त्यानं गिरणी चालू केली नाही, झोपमोड नको म्हणून.

मी पोचलो तेव्हा सगळी दारं उघडी होती आणि सगळे बाहेर उभे होते. कुणी काही विचारत नव्हतं. घोडमारेकाकू, आता काठी घेऊन चालणाऱ्या, पिठात माखलेल्या आत्याबाईच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. सगळी तयारी व्हायला संध्याकाळ झाली. निघायची वेळ आली आणि वसंता खटक्याशी उभा राहिला. त्याला वाटत होतं, आज गिरणी बंदच ठेवावी. काकूंनीच त्याला हाक मारली.

“चालू कर गा, वसंता. आता तिले फोन नाही यायचा.”

वसंतानं खटका खाली केला. पट्टा फटफटला, जातं फिरू लागलं, सकाळपासून अडकलेलं कुणाचं तरी दळण पडायला लागलं. आम्ही आत्याबाईला उचललं तेव्हा गिरणी पुऱ्या आवाजात चालू होती, आणि आमच्या सगळ्यांच्या खांद्यांवर पीठ उतरत होतं.